मिश्र माध्यमातील सायकेडेलिक पॉप आर्टचा संग्रह: प्रतिमेआधी थर पाहावेत

रंगपेटी (धागाकर्ता)

सायकेडेलिक, म्हणजे भासमय आणि झगझगीत धाटणीच्या पॉप आर्टवर (जाहिराती, मासिके अशा रोजच्या प्रतिमांवर उभ्या राहिलेल्या कलेवर) चर्चा निघाली की ती लगेच प्रतिमांकडे वळते. वितळणारी अक्षरे, पाकळ्यांच्या जागी डोळे असलेली फुले, एकमेकांत शिरणारी वर्तुळे, जाहिरातींतून उचललेले हसरे चेहरे यांविषयी भरभरून बोलले जाते आणि ते योग्यही आहे. पण ज्याला ही कला जवळ बाळगायची आहे, त्याने प्रतिमेच्या आधी कलाकृतीच्या अंगाकडे पाहावे, म्हणजे ती कशावर, कशाने आणि कोणत्या क्रमाने रचली आहे हे समजून घ्यावे, असे माझे ठाम मत आहे. मिश्र माध्यमाच्या, म्हणजे रंग, कात्रणे, छपाई असे वेगवेगळे साहित्य एकत्र आणणाऱ्या कलाकृतीच्या बाबतीत हा प्रश्न टाळून केलेली खरेदी नशिबावर सोडलेली खरेदी ठरते. हा धागा त्याच विषयासाठी काढला आहे.

या मताचे मूळ रंगांच्या वागण्यात आहे. १९६० च्या दशकात संगीताच्या कार्यक्रमांची पोस्टरे करणाऱ्या सॅन फ्रान्सिस्कोच्या पोस्टरकारांपैकी व्हिक्टर मोस्कोसो हे रीतसर कलाशिक्षण घेतलेले चित्रकार. येल विद्यापीठात ते रंगांचे अभ्यासक जोसेफ आल्बर्स यांच्या हाताखाली शिकले होते. १९६७ सालच्या त्यांच्या 'निऑन रोझ' मालिकेत तांबड्याशेजारी निळा किंवा हिरवा असे विरोधी रंग येतात आणि दोन्हींचा उजळपणा जवळजवळ सारखा ठेवलेला असतो. त्यामुळे डोळ्याला कड नेमकी कुठे आहे हे ठरवता येत नाही आणि अक्षरे जागच्या जागी थरथरू लागतात. दोहोंपैकी एक रंग जरासा उडाला की हे सारखेपण मोडते, कड स्पष्ट होते आणि थरथर थांबते. एखादे निसर्गचित्र थोडे फिकटले तरी ते निसर्गचित्रच राहते. इथे मात्र रंग थोडा गेला की परिणाम जवळजवळ सगळाच जातो.

छापील पोस्टरमध्ये निदान सर्व शाई एकाच कागदावर असते. मिश्र माध्यमात प्रत्येक घटकाचे आयुष्य वेगळे असते. माझ्या संग्रहातील एका लाकडी फलकाचे उदाहरण देतो. सर्वांत खाली पांढरा जेसो (रंगाआधी द्यायचा अस्तराचा थर) आहे, त्यावर मासिकांतून कापलेले छापील ओठ आणि डोळे चिकटवले आहेत, त्यांच्यावरून सिल्कस्क्रीनने (ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापण्याच्या पद्धतीने) गडद गुलाबी ठिपक्यांचा एक पडदा ओढला आहे, मग कुंचल्याने फ्लुरोसंट केशरी रंगाची वलये काढली आहेत आणि शेवटी सगळ्यावर पारदर्शक रेझिन ओतले आहे. समोरून पाहिले तर हे सारे एकसंध दिसते. खोलीत अंधार करून फलकाच्या कडेने तिरपा प्रकाश टाकला की चित्र उलगडते: कात्रणांच्या कापलेल्या कडा केसाएवढ्या उंचवट्याने वर येतात, एका ओठाखाली चिकटवताना अडकलेला हवेचा बुडबुडा दिसतो, आणि केशरी वलयांपैकी ज्यांवर रंगाचा दुसरा हात फिरला आहे ती शेजारच्या वलयांपेक्षा अधिक दाट आहेत. फ्रेमच्या पुढच्या कडेखाली झाकलेली अरुंद पट्टी उघडी केली, तर तिथला केशरी रंग उघड्या भागापेक्षा तांबूस दिसतो. मूळ रंग कोणता होता, हे त्या पट्टीवरूनच कळते.

असे होण्यामागे कारण आहे. फ्लुरोसंट रंग हा नेहमीच्या खनिज रंगद्रव्यासारखा नसतो. त्यात चमकणारा रंग राळेच्या बारीक कणांत विरघळवलेला असतो. तो न दिसणारे अतिनील किरण शोषून दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून कागदावर पडलेल्या प्रकाशापेक्षाही तो अधिक उजळ भासतो. १९३० च्या दशकात अमेरिकेत स्विट्झर बंधूंनी या रंगांवर काम सुरू केले आणि पुढे ते 'डे-ग्लो' या नावाने प्रसिद्ध झाले. ज्या किरणांवर हे रंग चमकतात तेच किरण त्यांची रचना मोडतात. केशरीतला तांबडा अंश बहुधा पिवळ्याआधी जातो आणि वलय हळूहळू पिवळसर होत जाते.

याच्या जोडीला मासिकाच्या स्वस्त कागदातील लिग्निन (लाकडातला नैसर्गिक घटक) पिवळे पडते, रेझिन अतिनील किरणांनी पिवळसर होते आणि ते पुन्हा स्वच्छ करता येत नाही, मार्करच्या शाईचा टिकाऊपणा बहुतेक वेळा कमीच असतो. म्हणजे एकाच फलकावर चार-पाच वेगवेगळी घड्याळे चालू असतात.

मिश्र माध्यमात साहित्याला इतके महत्त्व का द्यावे, याचे एक टोकाचे उदाहरण पॉप आर्टच्या उंबरठ्यावरच आहे. अमेरिकी कलाकार रॉबर्ट राउशेनबर्ग यांच्या १९५९ सालच्या 'कॅन्यन' या कलाकृतीत पेंढा भरलेला बाल्ड ईगल पक्षी आहे. या पक्ष्याच्या संरक्षणासाठी अमेरिकेत १९४० पासून कायदा आहे, त्यामुळे ती कलाकृती विकताच येत नव्हती. संग्राहक इलिआना सोनाबेंड यांच्या निधनानंतर वारसांच्या तज्ज्ञांनी तिचे मूल्य शून्य धरले, तर कर खात्याने ते ६.५ कोटी डॉलर ठरवले. अखेर तडजोड झाली आणि २०१२ साली ती कलाकृती न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे दान म्हणून गेली. चित्र किती महत्त्वाचे आहे यापेक्षा त्यात काय चिकटवले आहे, यावर तिचे भवितव्य ठरले.

म्हणून खरेदीपूर्वी मी विक्रेत्याकडे किंवा कलाकाराकडे लेखी माहिती मागतो: आधार कोणता, गोंद कोणता, रंग कोणत्या प्रकारचे, वर वॉर्निश आहे की रेझिन, आणि ही कलाकृती आतापर्यंत कुठे टांगलेली होती. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळांना अनावश्यक वाटते, पण खिडकीसमोरच्या भिंतीवर गेलेली वर्षे आणि कपाटात गेलेली वर्षे यांत जमीनअस्मानाचा फरक असतो. आपल्यापैकी जे असा संग्रह करतात, त्यांनी आपले निकष सविस्तर लिहावेत ही विनंती.

जुनाकागद

धागा वाचून आनंद झाला. विषयाची मांडणी पटली, मात्र संग्रहाची सुरुवात थेट मिश्र माध्यमापासून करावी का, याविषयी माझे मत वेगळे आहे. माझ्या मते या शैलीचा डोळा तयार होतो तो पोस्टरांवर. वेस विल्सन, स्टॅन्ली माउस, ऑल्टन केली, रिक ग्रिफिन आणि मोस्कोसो या पाच जणांची नावे नेहमी एकत्र घेतली जातात. त्यांच्या जोडीने बॉनी मॅक्लीन यांचेही नाव घ्यायला हवे, कारण विल्सन यांच्यानंतर १९६७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या फिलमोर सभागृहाची पोस्टरे करण्याची जबाबदारी त्यांनी सांभाळली आणि त्यांचे उभट, स्तब्ध चेहरे इतरांपेक्षा अगदी निराळे आहेत. ही पोस्टरे मालिकेनुसार क्रमांकित आहेत, त्यांच्या पहिल्या आणि नंतरच्या छपायांतले फरक संग्राहकांनी नोंदवून ठेवले आहेत, आणि त्यामुळे नवख्या माणसाला पडताळणीसाठी पायाखाली जमीन असते.

पोस्टर पाहण्याची सवय मिश्र माध्यमातही उपयोगी पडते. साध्या भिंगाखाली ऑफसेट छपाईत ठिपक्यांची फुलासारखी नियमित रचना दिसते, इंकजेट छपाईत विस्कळीत फवारा दिसतो आणि सिल्कस्क्रीनमध्ये शाईचा सलग, किंचित जाड थर दिसतो. कोलाजमधला एखादा तुकडा १९६० च्या दशकातील मासिकाचा आहे असे कोणी सांगत असेल आणि भिंगाखाली इंकजेटचा फवारा दिसत असेल, तर पुढे बोलण्याची गरज उरत नाही. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात प्रकाशवर्धक रसायन आहे असे समजावे. ही रसायने कागदात १९५० च्या सुमारास रूढ झाली. यावरून कागद त्याहून जुना नसल्याचे कळते, पण चमक आहे म्हणून वस्तू १९६७ चीच आहे असे मात्र सिद्ध होत नाही.

लंडनची पोस्टरे छापील पोस्टर आणि मिश्र माध्यम या दोन जगांच्या मधोमध उभी आहेत. मायकेल इंग्लिश आणि नायजेल वेमाउथ यांनी 'हॅपशॅश अँड द कलर्ड कोट' या नावाने केलेल्या कामात सोनेरी-चंदेरी धातुमय शाई सिल्कस्क्रीनने छापलेली आहे. मार्टिन शार्प यांचे बॉब डिलनवरील १९६७ चे पोस्टर तर सोनेरी फॉइलच्या कागदावर तांबड्या-काळ्या रंगांत आहे. फॉइलवर एकदा पडलेली घडी किंवा ओरखडा कोणत्याही उपायाने जात नाही, आणि उजेडात कागद फिरवला की सर्वांत आधी तो दोषच दिसतो. त्यामुळे असे पोस्टर पाहताना मी चित्राकडे सर्वांत शेवटी बघतो. या बाबतीत धागाकर्त्यांशी माझे पूर्ण एकमत आहे.

तिरपाप्रकाश

मी कागद आणि रंगवलेल्या पृष्ठभागांच्या जतनाचे काम करते, त्यामुळे काही गोष्टी थोड्या तपशिलात लिहिते.

प्रकाशाची हानी साठत जाते. ५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) प्रकाशात दहा तास आणि १०० लक्स प्रकाशात पाच तास यांचा परिणाम साधारण सारखाच धरला जातो. संवेदनशील कागदी कामांसाठी संग्रहालये सुमारे ५० लक्सची मर्यादा पाळतात, तैलचित्रे व अ‍ॅक्रिलिकसाठी ती १५० ते २०० लक्सपर्यंत जाते. मिश्र माध्यमात नियम साधा आहे: सर्वांत नाजूक घटकाची मर्यादा सगळ्या कलाकृतीला लागू करावी. अ‍ॅक्रिलिकच्या मोठ्या कॅनव्हासवर फ्लुरोसंट रंगाचे एकच वर्तुळ असले, तरी त्या कॅनव्हासला त्या वर्तुळाच्या हिशेबाने वागवावे लागते.

अतिनील किरण अडवणारी काच उपयुक्त आहे, परंतु तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. दृश्य प्रकाशानेही रंग उडतात. काच फक्त हानीचा वेग कमी करते. शिवाय फ्लुरोसंट रंगांच्या बाबतीत एक खरी अडचण उभी राहते. काच अतिनील किरण अडवते म्हणजे त्या रंगांची चमकही काही प्रमाणात कमी करते, आणि काळ्या दिव्याखाली (अतिनील किरण टाकणाऱ्या दिव्याखाली) पाहण्यासाठी केलेली कलाकृती अशा काचेमागे निस्तेज दिसते. इथे संग्राहकाला निवड करावी लागते. माझा सल्ला असा, की एरवी ती काचेमागे किंवा पेटीत ठेवावी आणि काळ्या दिव्याखाली पाहायची तर ठरवून, थोडा वेळ पाहावी. काळा दिवा दिवसभर चालू ठेवून तीच कलाकृती त्याखाली टांगणे म्हणजे तिला रोज थोडी थोडी जाळणे आहे.

काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा लावायचा असेल तर स्थिर विजेचा विचार करावा. ज्या कलाकृतीवर सुटी चमक, भुकटी, पेस्टल किंवा अर्धवट उचललेली कात्रणे आहेत, तिच्यावरून असा पत्रा कण ओढून घेतो. पॉप आर्टचे अमेरिकी कलाकार अँडी वॉरहॉल यांच्या 'डायमंड डस्ट' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या छपायांत प्रत्यक्षात काचेची भुकटी वापरलेली आहे. अशा पृष्ठभागावरील प्रत्येक कण हा कलाकृतीचा भाग असतो, आणि फ्रेमच्या तळाशी साचलेली चमक पाहून 'थोडीशी झडली, एवढेच' असे म्हणता येत नाही.

फ्रेम कशीही असली तरी पृष्ठभाग आणि काच यांच्यात अंतर हवेच. अ‍ॅक्रिलिक रंग खोलीच्या साध्या तापमानालाही पूर्ण कडक नसतो. तो काचेला चिकटतो, धूळ आत ओढून घेतो, आणि उलट फार थंडीत ठिसूळ होऊन तडकू शकतो. मागच्या बाजूला आम्लरहित पुठ्ठा असावा, कागदी काम जपानी कागदाच्या बिजागऱ्यांनी आणि गव्हाच्या सत्त्वाच्या खळीने बसवलेले असावे. चिकटपट्टी कोणत्याही नावाने विकली जात असली तरी ती मूळ कागदाला लागू देऊ नये. तिचा गोंद कागदात मुरतो आणि समोरच्या बाजूला तपकिरी पट्ट्यांच्या रूपाने वर येतो.

पहिलेपान

तिघांचेही लेखन अतिशय उपयुक्त आहे. मी अजून एकही मूळ कलाकृती घेतलेली नाही. मला दोन शंका आहेत. हल्ली पुष्कळ ठिकाणी 'मिश्र माध्यम, एकमेव कलाकृती' असे लिहिलेले असते, पण तशाच प्रतिमेच्या आणखी दहा-पंधरा प्रती वेगवेगळ्या रंगांत दिसतात. याला मूळ कलाकृती म्हणावे का? दुसरे असे, की प्रमाणपत्रावर कितपत विश्वास ठेवावा?

रंगपेटी

पहिलेपान, आपला पहिला प्रश्न कळीचा आहे. आपण वर्णन करता ती वस्तू बहुतेक वेळा कॅनव्हासवरील इंकजेट छपाई असते आणि तिच्यावर कलाकाराने किंवा त्याच्या सहायकाने हाताने थोडे रंगकाम केलेले असते. तशी वस्तू घेण्यात गैर काही नाही, काही कलाकार हे काम मनापासून आणि सुंदर करतात. प्रश्न ती काय म्हणून विकली जाते याचा आहे. हातकाम चित्राच्या रचनेत शिरले आहे की फक्त चमकण्याच्या जागांवर फिरले आहे, हे तिरप्या प्रकाशात पाहावे. फुलाच्या मधोमध एक जाडसर फराटा आणि कडेला थोडी चमक एवढेच दिसत असेल, तर ती सजवलेली छपाई आहे. हाताने लावलेला थर छापलेल्या आकारांना छेदून जात असेल, त्यांचा अर्थ बदलत असेल, काही ठिकाणी छपाई पूर्ण झाकून टाकत असेल, तर तिथे मिश्र माध्यम खऱ्या अर्थाने काम करत आहे.

एकाच प्रतिमेची पुनरावृत्ती हा मात्र दोष मानू नये. पॉप आर्टच्या गाभ्यातच पुनरावृत्ती आहे. वॉरहॉल यांनी १९६७ साली मेरिलिन मन्रोच्या एकाच छायाचित्रावरून दहा छपायांचा संच केला आणि त्याचे २५० संच काढले; दहाही ठिकाणी चेहरा तोच, पण रंग बदलले की मनःस्थितीही बदलते. तिथे संख्या आधीच जाहीर केलेली आहे, हा महत्त्वाचा भाग. आवृत्तीचा आकार किती, कलाकारासाठी राखलेल्या प्रती किती, त्याच प्रतिमेच्या वेगळ्या आकारांतील आवृत्त्या निघाल्या आहेत का, हे विचारावे. कलाकाराच्या प्रती साधारणपणे आवृत्तीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतात. त्या आवृत्तीएवढ्याच भरत असतील तर 'मर्यादित आवृत्ती' या शब्दांत फारसे काही उरत नाही.

प्रमाणपत्राबद्दल माझे मत थोडे कडक आहे. प्रमाणपत्र ज्याने दिले त्याच्या शब्दाला जेवढी किंमत, तेवढीच त्या कागदाला. मेरिलिनच्याच संचाचे उदाहरण घ्या. १९७० पासून 'संडे बी. मॉर्निंग' या नावाने त्याच्या, मूळ आवृत्तीबाहेरच्या, छपाया निघाल्या, त्यांच्या मागे 'आपली सही आपणच करा' अशा अर्थाचा काळा शिक्का असे. त्या छपाया स्वतःची ओळख लपवत नाहीत, त्यांचे चाहतेही आहेत. परंतु हाती-हाती फिरता फिरता ही ओळख पुसली जाऊ शकते. दुसरीकडे, १९९५ पासून वॉरहॉल यांच्या कलाकृतींची सत्यता ठरवणारे मंडळ २०१२ मध्ये बंद झाले, त्यानंतर संग्राहकाला जुन्या नोंदी, प्रकाशित सूची आणि मालकीचा अखंड इतिहास यांवरच अवलंबून राहावे लागते. म्हणून सोनेरी कडा असलेल्या प्रमाणपत्रापेक्षा जुनी पावती, प्रदर्शनाची पत्रिका आणि फलकाच्या मागची चिठ्ठी मला अधिक मोलाची वाटते.

काळादिवा

चर्चेचा सूर मला थोडा भयभीत वाटतो, म्हणून विरोधी बाजू मांडतो. ही कला ज्या काळात जन्मली त्या काळात तिला शंभर वर्षे टिकायचे नव्हते. पोस्टरे एका आठवड्याच्या कार्यक्रमासाठी होती. १९६७ मध्ये पीटर ब्लेक आणि जॅन हॉवर्थ यांनी बीटल्स या संगीतसमूहाच्या ध्वनिमुद्रिकेच्या मुखपृष्ठासाठी माणसांच्या आकाराच्या कापीव आकृत्या उभ्या केल्या, त्या छायाचित्रासाठीच. फ्लुरोसंट रंग वापरणाऱ्याला तो उडणार हे ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. मग संग्राहकाने ती कलाकृती अंधाऱ्या पेटीत ठेवून काय साधले? माझ्या भिंतीवरची चित्रे फिकटत आहेत हे मला दिसते, आणि त्यांच्यासोबत राहण्यात मला आनंद आहे. रंग उडणे हाही त्या कलाकृतीचा इतिहासच आहे.

रंगपेटी

काळादिवा, आपला आक्षेप गंभीर आहे आणि त्याला वरवरचे उत्तर देणे योग्य होणार नाही. चित्रांसोबत राहावे, या मताशी मी सहमत आहे. जे कधीच पाहिले जात नाही त्याच्या संग्रहाला अर्थ नाही. पण जुनेपणाच्या दोन खुणा मी वेगळ्या ठेवतो. कागद पिवळसर होणे, कोपरा दुमडणे, कात्रणाची कड किंचित उचलणे यांनी कलाकृतीचे वय दिसते आणि तरीही ती बोलत राहते. रंगांमधला समतोल गेला, तर कलाकाराने डोळ्यावर जो आघात योजला होता तोच नाहीसा होतो. पन्नास वर्षांनी एखादी व्यक्ती ती फिकट वलये पाहून 'त्या काळी मंद, मातकट रंगसंगती आवडत असे' असा निष्कर्ष काढेल, आणि तो सपशेल चुकीचा असेल. अशी फिकटलेली कलाकृती कलाकाराविषयी खोटी साक्ष ठरते. हे टाळण्याची जबाबदारी आपल्यावर येते असे मला मनापासून वाटते.

त्यासाठी सर्व काही कुलूपबंद करण्याची गरज नाही. मी भिंतीवरील कलाकृती आलटून पालटून लावतो. ज्यांत फ्लुरोसंट रंग किंवा मार्कर आहे त्या थोड्या काळासाठीच बाहेर येतात, आणि खनिज रंगद्रव्यांच्या अ‍ॅक्रिलिकची कामे अधिक काळ राहतात. प्रत्येक कलाकृती हाती येताच तिचे छायाचित्र रंगपट्टी शेजारी ठेवून, ठरलेल्या एकाच प्रकाशात काढतो, आणि काही काळाने तसेच पुन्हा काढून ताडून पाहतो. डोळा रोजच्या सहवासाने फसतो, रंगपट्टी फसत नाही. ज्यांना ती फिकटूच द्यायची आहे त्यांनीही एवढी नोंद अवश्य ठेवावी.

जुनाकागद

काळादिवा यांचा मुद्दा पोस्टरांना अधिक लागू होतो, मिश्र माध्यमाला कमी, असे मला वाटते. काही कलाकारांनी मुद्दाम टिकाऊपणाच्या दिशेने प्रयोग केले. फ्रेड टोमासेली औषधांच्या गोळ्या, पाने, मासिकांतून कापलेले हात, डोळे आणि फुले लाकडी फलकावर मांडून त्यांना रेझिनच्या थरांत बंद करतात आणि मध्ये मध्ये रंगवतही जातात. त्यामुळे खरी वस्तू कुठे संपते आणि रंगवलेली कुठे सुरू होते हे शोधण्यात दर्शक गुंतून राहतो. बेल्जियमच्या एव्हलिन अक्सेल यांनी १९६० च्या दशकात प्लेक्सिग्लासवर एनॅमलने रंगवले. तिथे रंगाइतकेच प्लास्टिकच्या पारदर्शकतेनेही चित्र घडते, त्यामुळे पत्र्यावरचा ओरखडा हा थेट चित्रावरचा ओरखडा असतो. १९७२ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले, त्यामुळे काम मर्यादित आहे आणि दीर्घकाळ ते दुर्लक्षितही राहिले.

जपानचे केइची तानामी यांचाही उल्लेख व्हावा. अमेरिकी मासिकांची कात्रणे, युद्धाच्या आठवणी, विमाने, सोनमासे, अशा कशाचीही भीड न बाळगता त्यांनी कोलाज, छपाई, चित्रपट आणि चित्रकला यांत काम केले. २०२४ मध्ये टोकियोच्या नॅशनल आर्ट सेंटरमध्ये त्यांचे मोठे सिंहावलोकनात्मक प्रदर्शन सुरू असतानाच त्यांचे निधन झाले. या शैलीचा नकाशा फक्त सॅन फ्रान्सिस्को आणि लंडन एवढाच धरला, तर संग्रह एकसुरी होतो.

कातरणी

मी स्वतः कोलाज करते, म्हणून विकणाऱ्या बाजूने लिहिते. धागाकर्त्यांनी साहित्याची लेखी माहिती मागण्याविषयी जे लिहिले आहे, त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे, आणि अशी माहिती मागणारा ग्राहक आम्हाला खटकतो असा समज करून घेऊ नये. उलट, कोणती पाने कोणत्या गोंदाने लावली हे कोणी विचारले की आपले काम कोणीतरी गंभीरपणे घेत आहे असे वाटते. मी प्रत्येक फलकाच्या मागे थरांचा क्रम, रंगांची रंगद्रव्यानुसार नावे आणि वॉर्निश काढता येण्याजोगे आहे की नाही, हे लिहून ठेवते. शेवटची नोंद विशेष महत्त्वाची, कारण पुढे कोणी सफाई करायला बसला तर वॉर्निश विरघळवताना खालचा मार्करही विरघळू शकतो.

कात्रणांच्या हक्कांविषयीही ग्राहकांनी विचारावे. पॉप आर्टमध्ये हा वाद जुना आहे. वॉरहॉल यांच्या १९६४ च्या फुलांच्या मालिकेमागे पॅट्रिशिया कॉलफिल्ड यांचे मासिकात छापून आलेले छायाचित्र होते; त्यांनी दावा केला आणि प्रकरण तडजोडीने मिटले. २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने वॉरहॉल यांनी केलेल्या गायक प्रिन्स यांच्या चित्राच्या संदर्भात मूळ छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. त्या खटल्याचा रोख चित्र मासिकाला वापरायला देण्यावर होता, कोणाच्या भिंतीवर ते टांगलेले असण्यावर नव्हता. तरीही संग्राहकाने एक लक्षात घ्यावे: कलाकृती विकत घेतली म्हणजे तिच्या प्रती छापण्याचा हक्क आपोआप मिळत नाही. तिचे शुभेच्छापत्र काढायचे असेल तर कलाकाराची परवानगी घ्यावी लागते, आणि कलाकाराने दुसऱ्याचे छायाचित्र वापरले असेल तर त्याची परवानगीही पुरेशी नसू शकते.

पहिलेपान

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मी एका कलाकाराशी थेट बोलणी सुरू केली आहेत. काम मध्यम आकाराच्या फलकावर आहे, अ‍ॅक्रिलिक आणि छापील कात्रणे, त्यावर पातळ वॉर्निश, रेझिन नाही. ते आणताना गुंडाळायचे कसे, एवढे कोणी सांगितले तर उपकार होतील.

तिरपाप्रकाश

रेझिन नाही हे ऐकून बरे वाटले. पुढे कधी दुरुस्ती लागली तर मार्ग मोकळा राहील. वॉर्निश लावून किती दिवस झाले हे आधी विचारा, कारण वरून कोरडा वाटणारा थर आत मऊ असू शकतो, आणि असे काम घाईने गुंडाळू नये. शक्य असेल तर कलाकाराकडून मागे खोल कडा असलेली, पृष्ठभागाला स्पर्श न करणारी पेटी किंवा चौकट करून घ्या, म्हणजे समोर काहीच टेकणार नाही. ते जमले नाही तर समोरच्या बाजूवर आधी सिलिकॉनचा लेप असलेला कागद, गुळगुळीत बाजू रंगाकडे करून, सैल ठेवा. त्यावर पुठ्ठा, मग कोपऱ्यांना फोमचे संरक्षण, आणि बुडबुड्यांचे प्लास्टिक सर्वांत बाहेरून, बुडबुडे बाहेरच्या बाजूला करून. हे प्लास्टिक थेट रंगावर आले तर उष्णतेने आणि दाबाने अ‍ॅक्रिलिकवर गोल ठसे उमटतात. वाहनात फलक उभा ठेवा, आडवा ठेवून त्यावर काही रचू नका, आणि बंद गाडीत उन्हात सोडून जाऊ नका. घरी आल्यावर एक दिवस पेटी तशीच खोलीत राहू द्या, म्हणजे फलक तिथल्या हवेशी जुळवून घेईल, आणि मगच उघडून कात्रणांच्या कडा तिरप्या प्रकाशात एकदा तपासून घ्या.